उपराष्ट्रपतींनी पद का सोडलं? वाचकांचे प्रश्न

जगदीप धनखड यांनी २१ जुलै २०२५ च्या रात्री उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. प्रकृतीची काळजी घ्यायची आहे, डॉक्टरांचा सल्ला मानायचा आहे, असं पत्रात लिहिलं. त्यानंतर निवडणूक झाली, नवे उपराष्ट्रपती आले, तरी या सदराच्या टपालात तोच विषय येतो आहे. विधिमंडळाच्या पत्रकार गॅलरीत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे राजीनाम्यांवर विचारलेलं काही मला टाळता येत नाही. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : आमच्या घरात रोज रात्री जेवताना हाच वाद. मुलगा म्हणतो, त्यांना काढलं. जावई म्हणतात, माणूस आजारी आहे, कशाला संशय घेता? दोघंही हुशार आहेत आणि दोघंही अडून बसलेत. तुम्हाला काय वाटतं?
(निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, तुमच्या मुलाकडे आणि जावयांकडे, दोघांकडेही खऱ्या गोष्टी आहेत. म्हणूनच वाद मिटत नाही. आधी त्या गोष्टी मांडते.

मुलाची बाजू. १० जुलैला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या कार्यक्रमात धनखड म्हणाले होते की मी योग्य वेळी, ऑगस्ट २०२७ मध्ये निवृत्त होईन, देवाच्या मनात दुसरं काही नसेल तर. त्यांनी शपथ घेतली होती ११ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे पाच वर्षं पूर्ण करायचा बेत होता. २१ जुलै हा पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे सभापती असतात, म्हणून धनखड त्या आसनावर बसले. उच्च न्यायालयाचे न्या. यशवंत वर्मा यांना पदावरून दूर करावं, अशी विरोधी खासदारांची नोटीस आपल्याला मिळाल्याचं त्यांनी सभागृहात सांगितलं. दुपारी साडेबाराला कामकाज सल्लागार समितीची बैठक झाली. साडेचारला पुन्हा बसायचं ठरलं, पण त्या बैठकीला सभागृह नेते जे. पी. नड्डा आणि संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू आले नाहीत. येता येणार नाही असं आधी कळवलं होतं, असा नड्डांचा खुलासा. त्याच दिवशी धनखड यांच्या २३ जुलैच्या जयपूर दौऱ्याचं पत्रकही निघालं होतं. आणि रात्री राजीनामा.

आता जावयांची बाजू. मार्चमध्ये धनखड हृदयाच्या त्रासामुळे दिल्लीच्या एम्समध्ये दाखल होते. जूनच्या शेवटी नैनितालला कुमाऊँ विद्यापीठाच्या कार्यक्रमात भाषणानंतर त्यांची प्रकृती बिघडली, ती सगळ्यांच्या देखत. वय ७४. या वयात हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर विश्रांती सांगतात आणि कधी कधी ती एका रात्रीत घ्यावी लागते.

माझं मत विचारलंत. राजीनामा का, याचं उत्तर प्रकृती देऊ शकते. त्याच दिवशी का, याचं उत्तर त्या पत्रात मला सापडत नाही आणि हे मला मनापासून खटकतं. पण तुमचा मुलगा जो मधला दुवा जोडतो, तो कोणी जोडून दिलेला नाही. काँग्रेसचे जयराम रमेश म्हणाले की दुपारी एक ते साडेचारच्या दरम्यान काहीतरी गंभीर घडलं. काय घडलं, ते त्या विधानात नव्हतं. वाहिन्यांवर ‘सूत्रांनी’ जे सांगितलं, त्याखाली कोणाचं नाव नव्हतं. बातमीदारी करताना मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारत असे. डावीकडे ज्याला तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव आहे ते, उजवीकडे बाकीचं. तुमच्या जेवणाच्या वादात उजवीकडचा मजकूर डावीकडे सरकतो आहे, आणि तो दोघंही सरकवताहेत. ‘फक्त प्रकृतीच’ हेसुद्धा आपण ठामपणे सांगू शकत नाही.

एक गोष्ट जाता जाता. प्रकृती बरी नसणं आणि वरिष्ठांशी बिनसणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात घडू शकतात. जेवणाच्या पाटावर या शक्यतेला कोणी जागाच देत नाही.

प्रश्न : राष्ट्रपतींनी राजीनामा नाकारला असता तर? किंवा दुसऱ्या दिवशी धनखड यांनी परत घेतला असता तर?
(विधी शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

राज्यघटनेचं कलम ६७ चा खंड (क) उघडून वाच. उपराष्ट्रपती आपल्या सहीचं पत्र राष्ट्रपतींना उद्देशून लिहितात आणि पद सोडतात. राष्ट्रपतींनी ते स्वीकारावं, अशी अट तिथे नाही. पत्रात ‘तात्काळ’ म्हटलं असेल तर पत्र पोचलं की पद गेलं.

आमदार-खासदारांचं वेगळं आहे. १९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या वेळी आमदारांवर दबाव आणून राजीनामे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी तेहतिसावी घटनादुरुस्ती झाली. तेव्हापासून राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे की नाही, हे अध्यक्षांना किंवा सभापतींना तपासावं लागतं. तसं वाटलं नाही तर ते स्वीकारत नाहीत. मंत्र्याचा राजीनामा मुख्यमंत्र्यांच्या हातात जातो आणि ते तो राज्यपालांकडे पाठवतात, म्हणून तिथे मनधरणीला वाव राहतो. पक्षाच्या पदाला तर घटनेचा काही संबंधच नाही. २ मे २०२३ ला शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडतो म्हटलं आणि ५ मेला निर्णय मागे घेतला. ते सगळं त्या पक्षापुरतं होतं.

परत घेण्याबद्दल १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोपाल चंद्र मिश्र खटला अभ्यासाला घे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पुढची तारीख घालून राजीनामा दिला आणि ती तारीख उजाडायच्या आत मागे घेतला. न्यायालयाने ते मान्य केलं, कारण राजीनामा अजून लागू झालाच नव्हता. धनखड यांच्या पत्रात अशी पुढची तारीख नव्हती.

आणि आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांनी विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जाण्याआधी मुख्यमंत्रिपद सोडलं. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणं चुकीचं ठरवलं, तरी पूर्वीची स्थिती परत आणायला नकार दिला, कारण राजीनामा स्वतःहून दिलेला होता. सही करण्याआधीची रात्र नेत्याने आणि त्याच्या वकिलाने किती गांभीर्याने घ्यावी, हे मला त्या निकालाइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही.

प्रश्न : नव्या उपराष्ट्रपतींना उरलेली दोनच वर्षं मिळणार का?
(वाचक, ठाणे)

नाही, पूर्ण पाच वर्षं. मुदतीआधी पद रिकामं झालं तर निवडणूक शक्य तितक्या लवकर घ्यायची आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण मुदत द्यायची, असं कलम ६८ सांगतं. ९ सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत सी. पी. राधाकृष्णन यांनी न्या. बी. सुदर्शन रेड्डी यांचा ४५२ विरुद्ध ३०० मतांनी पराभव केला. राधाकृष्णन तेव्हा आपले राज्यपाल होते, त्यामुळे मुंबईचं राजभवनही रिकामं झालं आणि महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे आला.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आमच्या ग्रुपवर ‘धनखड बेपत्ता, नजरकैदेत’ असे मेसेज फिरत होते. मीही पुढे पाठवले. मैत्रीण म्हणते, ही अफवा. मी म्हणते, खासदारही तेच विचारत होते. यात फरक काय?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

फरक मोठा आहे. संजय राऊत यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं की माजी उपराष्ट्रपती कुठे आहेत, कसे आहेत. त्या प्रश्नाखाली सही होती, तो ज्याला उत्तर देणं भाग आहे त्याला विचारलेला होता, आणि उत्तर चुकीचं निघालं तर राऊतांना ते ऐकून घ्यावं लागलं असतं. गृहमंत्री अमित शहा यांनी मुलाखतीत उत्तरही दिलं, की कारण प्रकृतीचंच आहे, याचा बाऊ करू नये. ते पटलं नाही तरी आपण त्यांना त्यावर धरू शकतो. तुझ्या ग्रुपवरच्या मजकुराला ना सही होती, ना पत्ता. १२ सप्टेंबरला नव्या उपराष्ट्रपतींच्या शपथविधीला धनखड राष्ट्रपती भवनात सगळ्यांसमोर बसलेले दिसले. तुझ्या ग्रुपवर त्या दिवशी कोणी लिहिलं का, की आम्ही पाठवलेलं खोटं होतं?

प्रश्न विचारणं सोडू नकोस. फक्त प्रश्नचिन्ह पुसून तो पुढे पाठवू नकोस.

प्रश्न : पूर्वीचे नेते राजीनाम्याचं कारण लोकांना सांगायचे, असं वडील म्हणतात. खरंच तसं होतं, की जुनं ते सोनं?
(किराणा दुकानदार, लातूर)

काही जण सांगायचे, आणि त्यांची आठवण काढताना माझा ऊर भरून येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची चार कलमं कशीबशी मंजूर झाली आणि ते बाजूला पडलं. प्रकृती तेव्हा खरोखर ढासळलेली होती. ऑगस्टमध्ये पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच आजाराचा उल्लेख करून, बिल लवकर घ्या, म्हणजे मला उपचारांना मोकळं होता येईल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. म्हणजे ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे शब्द त्यांच्या हाताशी तयार होते. खरे होते आणि सोयीचेही होते. कोणी शंका घेतली नसती.

त्यांनी ते वापरले नाहीत. ऑक्टोबरमध्ये निवेदन करायला ते सभागृहात उभे राहिले, तर उपाध्यक्षांनी आधी प्रत द्या म्हटलं आणि संध्याकाळी सहाची वेळ दिली. ही अट त्यांना मान्य झाली नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. त्यात अनुसूचित जातींची उपेक्षा आहे, परराष्ट्र धोरणावरचा मतभेद आहे, हिंदू कोडचा विश्वासघात आहे. आणि आपण आजारपणामुळे जात आहोत असं कोणी समजू नये, आजारासाठी कर्तव्य सोडणाऱ्यांतला मी नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. आजारी माणसाने आजाराचा आडोसा नाकारला. नव्या पिढीच्या राजकारण्यांना मला एकच कागद वाचायला द्यायचा झाला तर मी हे निवेदन देईन. महाराष्ट्र सरकारने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १४ व्या खंडात ते आहे. तुमच्या वडिलांना मराठीतून वाचून दाखवा.

१९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून, नेहरूंच्या समोर, का सोडलं ते सांगितलं. त्याच वर्षी अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं.

पण दुकानदारदादा, सगळं जुनं असं नव्हतं. आपल्याकडे मुख्यमंत्रिपदावरून १९८२ मध्ये अंतुले गेले, १९८६ मध्ये निलंगेकर गेले, २०१० मध्ये अशोक चव्हाण गेले, तेव्हा कारण लोकांना आधीच ठाऊक होतं: न्यायालयाचा निकाल, न्यायालयाचे ताशेरे, आदर्श सोसायटी. त्यांनी सांगण्याची कोणी वाट पाहिली नाही. उपराष्ट्रपतींचंही तसंच. व्ही. व्ही. गिरी १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला बाहेर पडले, भैरोसिंह शेखावत २००७ मध्ये ती हरल्यावर. कारण समोर दिसत होतं. धनखड यांच्या वेळी दिसलं नाही, म्हणून देशभर तर्क चालले. यात लोकांना उथळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

प्रश्न : माझे पती सरपंच होते. बायपास झाली आणि त्यांनी पद सोडलं. गावात बोललं गेलं की विरोधी गटाने पैसे दिले, निधीत घोटाळा होता. चावडीवर अजून बोलतात. त्यांना जेवण जात नाही. दिल्लीच्या बातम्या लागल्या की ते टीव्ही बंद करतात. काय करावं?
(एक गृहिणी, कोल्हापूर जिल्हा)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वरची सगळी उत्तरं लिहिताना तुमचे पती माझ्या डोळ्यांसमोर होते.

आधी एक सांगते. ऑपरेशनचे कागद, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या गावात कोणालाही दाखवू नका. कोणी खोचकपणे मागितले तरी नाही. ज्याला विश्वास ठेवायचा नाही तो रिपोर्टलाही खोटा म्हणेल, आणि तुमच्या माणसाचं हृदय चावडीवर चर्चेला येईल. शरीर त्यांचं आहे.

कारभार मात्र गावाचा होता, आणि त्याचे कागद उघडे करण्यात तुमचा फायदा आहे. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे जातो. त्या पत्राची पोच घरात असेल तर जपून ठेवा. मग ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या की त्यांच्या काळातला लेखापरीक्षण अहवाल येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. कामांची बिलं, मोजमाप पुस्तिका, पासबुक, सगळं ग्रामपंचायतीचं दप्तर आहे. अर्ज तुमच्या नावाने द्या, ते दमले असतील तर त्यांना बसवून ठेवा आणि तुम्ही बोला. ज्याला घोटाळा म्हणायचं आहे त्याने त्या दिवशी उभं राहून कोणतं काम, कोणत्या साली, किती रुपये, ते सांगावं. आकडा विचारला की चावडीवरचे बरेच आवाज बसतात, हे मी ग्रामसभांत पाहिलं आहे.

आणि जेवणाचं डॉक्टरांना सांगा. बायपासनंतर मन खचणं पुष्कळांना होतं, त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : मग आपण नागरिकांनी धनखड प्रकरणात नेमकं काय मागायचं? की विसरून जायचं?
(वाचक, परभणी)

कोल्हापूरच्या ताईंना जे सांगितलं तेच इथेही. रिपोर्ट मागायचे नाहीत. त्या दिवशी त्या कार्यालयात काय काम झालं, त्याचे कागद मागायचे.

न्यायाधीशाला दूर करण्याची नोटीस राज्यसभेत द्यायची तर किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात, लोकसभेत १००. २१ जुलैला दोन्हीकडे नोटिसा गेल्या; लोकसभेतल्या नोटिशीवर सत्ताधारी खासदारांच्याही सह्या होत्या. न्यायाधीश चौकशी कायदा, १९६८ म्हणतो की एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत नोटीस आली तर दोन्हीकडे ती स्वीकारली गेल्याशिवाय समिती नेमायची नाही, आणि मग अध्यक्ष व सभापती यांनी मिळून नेमायची. १२ ऑगस्टला समिती नेमली ती लोकसभा अध्यक्षांनी. मग राज्यसभेच्या नोटिशीवर २१ जुलैच्या संध्याकाळपर्यंत सभापतींनी कोणता शेरा मारला? मारला की नाही? सभापती गेल्यावर ती कोणाच्या टेबलावर गेली? यात कोणाच्या आजाराचा प्रश्न नाही. तारीखवार सांगता येतील अशा या गोष्टी आहेत, आणि आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारता येतील अशा.

दुसरी मागणी माझी स्वतःची आहे. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला लोकसभेच्या नियम १९९ प्रमाणे अध्यक्षांच्या संमतीने निवेदन करता येतं. उपराष्ट्रपतींना अशी जागाच नाही. ते राज्यसभेचे सभापती असतात, पण कलम ६६ प्रमाणे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात. आसनावरून उतरले की त्या सभागृहात बोलायला त्यांना बाकच उरत नाही. तीन वर्षं ज्यांनी इतरांना ‘बोला’ म्हटलं, त्यांना जाताना दोन वाक्यं बोलायची असली तरी सोय नव्हती. राज्यसभेने आपल्या नियमांत एक कलम घालावं: मुदतीआधी पद सोडणाऱ्या सभापतींना, त्यांची इच्छा असेल तर, सभागृहासमोर येऊन किंवा लेखी निवेदन करता येईल आणि ते कामकाजात नोंदलं जाईल. घटनादुरुस्ती लागणार नाही, कारण कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार कलम ११८ ने सभागृहालाच दिला आहे. महाराष्ट्रातून १९ खासदार राज्यसभेत बसतात. त्यांतल्या एकाने जरी हा प्रस्ताव नियम समितीपुढे नेला तर या सदरात मी त्याचा मजकूर पूर्ण छापीन, पक्ष कोणताही असो.